काळी चार

"वाजतोय, पण उतरलाय. पेटीच्या तीन पट्ट्या उतरलाय," रेडिओग्रामचं झाकण मी उघडायच्या आधीच बाईंनी निदान सांगून टाकलं.

बाई गाण्याच्या. वय 82. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या जागी आता इमारत उभी आहे, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या हॉलमध्ये हे धूड भिंतीला टेकून बसलंय. व्हॉल्व्हचा रेडिओ आणि वर रेकॉर्ड चेंजर, म्हणजे तबकड्या वाजवणारं आणि आपोआप बदलणारं यंत्र. मुलगा मला लिफ्टपर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "तुम्ही रेडिओ तेवढा चालू करून द्या. रेकॉर्डचं फार मनावर घेऊ नका. आईचे कान आता..."

खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं होतं. वय झालं की काहींना सूर सरकलेला ऐकू येतो, हे मी आणखी एका गवयाच्या घरी पाहिलंय. शिवाय 78 ची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी तबकडी 78 वरच कापलेली असते असंही नाही. 1925 च्या आधीच्या, भोंग्यात तोंड घालून गायलेल्या तबकड्या तर कशाही फिरायच्या. तेव्हा अर्धी-पाऊण पट्टी इकडे तिकडे होणारच, असं मनाशी म्हणत चॅसिस आणि चेंजर सोडवून दुकानात आणले.

रेडिओचं काम सरळ होतं. आउटपुटच्या ईएल 84 व्हॉल्व्हच्या कॅथोडवर 7 व्होल्टच्या आसपास हवेत, मीटर 11 दाखवत होता. ग्रिडवरचा कागदी कंडेन्सर लीक. असा सेट तासभर चालू ठेवला की व्हॉल्व्हची प्लेट लाल होते, आणि मग व्हॉल्व्हबरोबर ट्रान्सफॉर्मरही जातो. पासोड्या विठोबाजवळून नवे कंडेन्सर आणले, सगळे कागदी बदलले, सिरीजमध्ये बल्ब जोडून सेट हळूहळू चढवला. संध्याकाळी 792 किलोहर्ट्झवर आकाशवाणीचं पुणे केंद्र लागलं, तेही बोर्डवरचा एलईडी दिवा बंद केल्यावर. त्या दिव्यांनी मिडियम वेव्हची पार वाट लावलीय.

मग चेंजर घेतला. गॅरार्डचा, इंग्लंडचा माल. ग्रीस वाळून खारकेसारखं झालेलं, रबरी चाक गुळगुळीत. अशा वेळी तबकडी हळू फिरणारच, म्हटलं बाईंचं बरोबर निघालं, विषय संपला. मोटर उघडून धुतली, बुशला दोन थेंब तेल, रबरी चाक पॉलिश पेपरने घासलं. टर्नटेबलच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून मिनिटाचे फेरे मोजले.

65.

पुन्हा मोजले. 65. अर्धा तास गरम होऊ दिला, तरी 65. इथे मी थबकलो. ग्रीस किंवा रबराचा दोष असता तर आकडा हलला असता. थंड असताना कमी, गरम झाल्यावर जास्त, बोट टेकवलं की आणखी कमी. हा मात्र खांबासारखा उभा. 45 वर लावला तर साडेसदतीस. 33 वर पावणेअठ्ठावीस.

चहा सांगितला आणि पाठकोऱ्या बिलावर भागाकार केला. 78 भागिले 65, एक पूर्णांक दोन दशांश. 45 भागिले साडेसदतीस, तेच. आणि 60 भागिले 50 म्हणजेही तेच!

बाईंना फोन लावला. "हा चेंजर मूळचा आहे का हो?"

"छे. मूळचा अडकला म्हणून पुतण्याने न्यू जर्सीहून आणून दिला. इथल्या एकाने बसवला. 17 वर्षं झाली."

अमेरिकेत वीज 120 व्होल्टची आणि सेकंदाला 60 सायकलची, आपली 230 ची आणि 50 ची. बसवणाऱ्याने मोटरच्या कॉइलची जोडणी आपल्या व्होल्टेजला बदलली होती, डागही छान दिले होते. सायकलचं मात्र राहिलं. 50 सायकलवर मोटरच हळू फिरते, म्हणून त्या चेंजरच्या मोटरवर रबरी चाक फिरवणारी पुली जाड लागते. ही 60 ची, बारीक. 17 वर्षं सव्वातीन मिनिटांचं गाणं जवळजवळ चार मिनिटं वाजत होतं, आणि काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत, गाणारी बाई ऐकू यायची पांढरी चारमध्ये. मोजून तीन पट्ट्या.

जाड पुली आता कुठे शोधायची? भवानी पेठेतल्या लेथवाल्याकडे गेलो. जुन्या पुलीची प्रत्येक पायरी व्हर्नियरने मोजली, एक पूर्णांक दोनने गुणली आणि पितळेची नवी काढून घेतली. मुद्दाम केसभर जाड. मग दुकानातल्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली टर्नटेबलवर 77 रेघांची चकती ठेवून पुली पॉलिश पेपरने उतरवत बसलो. ती ट्यूब मी एवढ्यासाठीच जपून ठेवलीय. सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, आणि वेग बरोबर आला की रेघा जागच्या जागी उभ्या राहतात. लुकलुक न करणाऱ्या एलईडीखाली नुसता धूसर पट्टा दिसतो. साडेतीन तास लागले. रेघा थांबल्या तेव्हा समोरच्या दुकानाचं शटर पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी चेंजर बसवला. बाईंनी आधीच पेटी काढून ठेवली होती. लाखेची तबकडी स्वतः पदराने पुसून लावली, भाता हलवला आणि काळी चारवर बोट ठेवलं. सूर तबकडीत असा मिसळला की पेटी वेगळी ऐकूच येईना. बाईंनी बोट उचललं नाही. तबकडी संपून सुई मधल्या खाचेत खरखरत राहिली तरी भाता चालूच.

"सगळे म्हणायचे, बाई, तुमचे कान गेले," त्या म्हणाल्या. "मग मी लावायचंच सोडलं. शिकवायचंही सोडलं. म्हटलं, पोरांना चुकीचं नको द्यायला."

मला काय बोलावं ते सुचेना. कॉइलची जोडणी, पुली, सायकल असं काहीबाही सांगत बसलो.

मुलगा आतून आला. "झालं का? आई, मला तर आधीचं आणि आताचं सारखंच वाटतंय."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तबकडी उलटली आणि मला म्हणाल्या, "बस रे. दुसरी बाजू ऐकून जा."