वर्ज्य

वसुबारस, रात्री साडेदहा

सगळी निजली. गवारीची कढई अजून ओट्यावर तशीच पडली आहे, पण आधी हे लिहिते, मग घासते.

संध्याकाळी सोसायटीच्या फाटकाशी एक जण गाय-वासरू घेऊन आला होता. आई पूजा करून आल्या आणि उपास सोडायला बसल्या. बाजरीची भाकरी, गवारीची भाजी, गुळाचा खडा. वसुबारसेला त्या गहू खात नाहीत, मूग खात नाहीत, दूध-दही-तूप नाही, तळलेलं नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला हा उपास भारी कडक वाटला होता. आता तो आमच्याकडे बारा महिने असतो. गहू धाकटीला आणि मला चालत नाही, दूध नवऱ्याला चालत नाही. मुगाचं तेवढं अजून कुणाला निघालेलं नाही.

धाकटीचं निघालं तेव्हा ती आठ वर्षांची होती. त्याआधी दीड वर्ष आम्ही जंतांची औषधं आणि लोहाची टॉनिकं पाजत होतो. हिमोग्लोबिन साडेसातच्या वर जाईना. हातापायांच्या काड्या आणि पोट नगाऱ्यासारखं. शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत ती दर वर्षी पुढे सरकत गेली, कारण रांग उंचीप्रमाणे होती आणि बाकीची मुलं वाढत होती. एका डॉक्टरांनी तर मलाच ऐकवलं, की घरी नीट जेवायला घालत जा. शेवटी मुलांच्या पोटविकारांच्या तज्ज्ञांनी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी लिहून दिली, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला. सिलिॲक. गहू, जव आणि राय नावाचं धान्य यांतल्या ग्लूटेन या प्रथिनापायी शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं. लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, तिच्यामुळे अन्न अंगी लागतं. हिची लव झडून सपाट झाली होती. म्हणजे मी घालत होते ते खरंच वाया जात होतं, फक्त त्या डॉक्टरांना वाटलं तसं नाही. यावर गोळी नाही. गहू बंद, जन्मभर.

घरच्यांनाही तपासून घ्या, असं त्यांनी बजावलं. "आणि तोवर कुणी पोळी सोडू नका, सोडलीत तर रक्तात काही दिसायचं नाही." नवरा आणि थोरला सुटले. मी अडकले. मला पोटाची तक्रार कधीच नव्हती. दुसऱ्या बाळंतपणापासून रक्त कमी होतं एवढंच, आणि बायकांचं रक्त कमीच असतं असं मला इतक्या वेळा सांगण्यात आलं होतं की मीही ते इतरांना सांगत असे.

नवऱ्याचं प्रकरण वेगळं. त्याला दुधातली साखर पचत नाही. पंधरा वर्षं तो त्याला ॲसिडिटी म्हणत होता. आपल्याकडे मोठ्या माणसांत हे सर्रास असतं, आजार म्हणावा असंही काही नाही. चहातलं दोन चमचे दूध चालतं, ताक चालतं, बासुंदीची वाटी मात्र रात्रभर जागवते. त्याचा सगळा हिशेब 'किती' याचा. धाकटीच्या बाबतीत 'किती' हा प्रश्नच नाही. ही दोन माणसं एका पंगतीत बसली की पाहुण्यांचा गोंधळ होतो. "अहो, हे तर अर्धा पेढा घेतात की! मग तिलाही थोडंसं द्या. पोर बघत बसलीय."

थोडंसं म्हणजे किती, ते मी एकदा हिशेब मांडून काढलं. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली एक अभ्यास छापला होता. पथ्यावर असलेल्या रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेनची कॅप्सूल तीन महिने दिली, तर तेवढ्यानेही आतडं पुन्हा खालावायला लागलं. एका पोळीत ढोबळमानाने तीन ग्रॅम ग्लूटेन धरलं तर हा झाला पोळीचा साठावा भाग. थोरल्यासाठी पोळी-भाजी केंद्रातून आणलेली एक पोळी घेतली आणि कात्रीने तुकडे करत बसले. चाळिशीच्या पुढे मोजदाद चुकली. त्यातला एक बोटावर घेऊन आईंना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला. "एवढ्याने काय व्हायचंय? हे मुंगीसुद्धा ओढून नेईल."

पण मी तरी त्यांना काय बोलणार. पहिले सहा महिने धाकटीचा टीटीजी हलेना. पोळी नाही, पाव नाही, बिस्किट नाही, तरी आकडा वरच. आहारतज्ज्ञ बाईंनी स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा आणि पाकीट घेऊन यायला सांगितलं. दोन पिशव्या भरून नेल्या. त्यांनी सगळ्यात आधी हिंगाची डबी उचलली आणि मला वाचायला दिली. खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ, हिंग, या क्रमाने. आमटीला हिंग, भाजीला हिंग, ताकाला हिंग, पोट दुखतंय म्हणून कोमट पाण्यातूनही हिंग. दुसरा प्रश्न त्यांनी गिरणीचा विचारला. ज्वारी दळायला टाकते तेव्हा माझ्या आधी कुणाचं काय दळलेलं असतं? अर्थात गहू. मग मैदा-कणीक नसलेला हिंग शोधला, घरघंटी घेतली, आणि पुढच्या तपासणीत आकडा उतरला. दोष हिंगाचा की गिरणीचा हे कळायला मार्ग नाही. मी दोन्ही एकाच आठवड्यात बंद केलं होतं.

याच काळात शेजारी सत्यनारायण झाला. आईंनी तिच्या तळहातावर शिऱ्याचा प्रसाद ठेवला, सुपारीएवढा. प्रसादाला नाही म्हणू नये. रात्री दोनला उलट्या सुरू झाल्या, पुढचे तीन दिवस ती पोट धरून पडून. आई तिच्या उशाशी बसून होत्या. आम्ही दोघी एकमेकींशी चार दिवस कामापुरतं बोललो.

आणि मग गेल्या वर्षीची वसुबारस. धाकटीला मी मुगाची खिचडी केली होती. आईंना गवारीची भाजी वाढायला घेतली, गडबडीत खिचडीतलाच डाव कढईत घातला. वाढून झालं. आईंनी भाकरीचा तुकडा मोडला होता, तो हातातच राहिला.

"तोच डाव?"

"हो. पण पुसला होता मी."

त्यांनी ताट बाजूला सारलं. रागाने नाही, अगदी हळू. दिवसभराचा उपास होता. माझं तोंड उतरलं तसं म्हणाल्या, "तुझं चुकलं नाही गं. पण आज मूग वर्ज्य. एक दाणा लागला काय नि वाटीभर काय, वर्ज्य ते वर्ज्य." आणि मग त्या डावाकडे बघत राहिल्या, डावावरून धाकटीकडे. जरा वेळाने विचारलं, "हिचंही असंच असतं का?"

"असंच. फक्त रोज."

त्या दिवशी त्या गूळ-भाकरीवर निजल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर धाकटीच्या पोळपाट-लाटण्याला, बिडाच्या तव्याला, चाळणीला लाल दोरा बांधलेला. माझे इटालियन संशोधक हरले, आकडे हरले. पथ्य हा शब्दच चुकीचा निवडला होता मी. पथ्य म्हणजे बरं वाटेपर्यंत पाळायचं, आणि पाहुणे आले की मोडायचं. डॉक्टर पथ्य म्हणत होते, मी पथ्य म्हणत होते, आणि आई पथ्याला द्यायची तेवढीच किंमत देत होत्या.

तरी एक गोष्ट सलते. माझ्या आजीचं सोवळं मी पाहिलेलं आहे. "शिवू नका रे" असं ओरडत ती स्वयंपाकघरात फिरायची, आणि कामाच्या बाईंची कपबशी मागच्या दारी कोनाड्यात असायची. त्या कोनाड्याचा मला लहानपणापासून राग. आता माझ्या ओट्यावर लाल दोऱ्याची भांडी आहेत. भांड्यांना येणाऱ्या मावशी आधी दोन घरी पोळ्या लाटून येतात. पहिल्या दिवशी मी दारातच म्हटलं, "मावशी, आधी साबणाने हात धुवा." कारण नंतर सांगितलं. आधी सांगायला हवं होतं. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, काही बोलल्या नाहीत. ग्लूटेन हा काही जंतू नाही, तो मरत नाही, धुऊनच काढावा लागतो, हे सगळं मी त्यांना पुढे नीट समजावलं, आणि आता त्याच धाकटीला दटावतात. पण तो पहिला मिनिट गेला तो गेला.

कढई घासायची आहे.

धनत्रयोदशी

करंज्या. शेवटी जमल्या म्हणायच्या. तांदळाच्या पिठीची उकड, तिला चिवटपणा यावा म्हणून चमचाभर इसबगोल. आईंनी डबा हातात घेऊन दोनदा वाचला. "करंजीत इसबगोल? म्हणजे फराळही व्हायचा आणि सकाळही सुटायची." कणकेला जो ताण असतो तो ग्लूटेनचाच. कणकेचा गोळा नळाखाली धूत राहिलं की पांढरं पाणी निघून जातं आणि हातात च्युइंगमसारखा चिवट लगदा उरतो, तेच ते. ते नसलं की पारी लाटताना कडेला चिरते, मुरड घालायला गेलं की मुरडीचेच तुकडे पडतात. मुरड सोडून दिली, काट्या-चमच्याने दाबल्या. पहिल्या घाण्यातल्या दोन तेलात फुटल्या, खोबऱ्याचं सारण जळून तेल काळं झालं. बाकीच्या धडक्या निघाल्या. सारणात खवा नाही, तो नवऱ्यासाठी गाळला.

अनारसे मात्र आईंनी एकटीने केले, बिनबोभाट, जाळीदार. तांदूळ, गूळ, खसखस. ह्यात काही बदलायचं नसतं म्हणून त्या फार खूश असतात.

तळता तळता नवऱ्याने कुठेसं वाचलेलं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला आणि नेमकी ह्या आजाराची मुलं सुधारली. डिके नावाच्या तिथल्या डॉक्टरचा गव्हावर आधीपासून संशय होता, तो पक्का झाला. आई झाऱ्याने अनारसा निथळत म्हणाल्या, "बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही मिलो खाल्ला, ती परदेशी लाल ज्वारी. आमच्यातलं कुणी सुधारलं नाही."

भाऊबीज, सोलापूर

भावाकडे येताना आमचा डबा आमच्याबरोबर. वहिनीला ह्याचं वाईट वाटायचं, आता वाटत नाही किंवा दाखवत नाही. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी ती धुऊन, वाळवून वेगळी ठेवते माझ्यासाठी. लहानपणी आमच्या घरात रोज भाकरी आणि सणाला चपाती असायची, आणि मला पुण्याचं स्थळ आलं तेव्हा आईला सगळ्यात आनंद कशाचा झाला असेल तर पोरगी रोज चपाती खाईल याचा. बिचारी.

दुपारी धाकटी वहिनीला विचारत होती, "मामी, हिंग कुठला?" अकरा वर्षांची आहे. वहिनीने डबी काढून तिच्या हातात दिली. तिने मागची बारीक अक्षरं वाचली, मग आमटी वाढून घेतली. तिची उंची गेल्या वर्षी सात सेंटिमीटर वाढली. दुधाचंही सुरुवातीला बंद होतं, ते आतड्याची लव परत आल्यावर सुरू झालं, आता कपभर पिते आणि बापाला चिडवते.

इथे लिहून ठेवते, कारण कुणाला सांगितलेलं नाही. होळीला ह्याच स्वयंपाकघरात मी अर्धी पुरणपोळी खाल्ली. उभ्याने, कपाटाच्या दाराआड. काहीसुद्धा झालं नाही. पोट दुखलं असतं तर बरं झालं असतं. आठ महिने झाले, पण त्या अर्ध्या पोळीचा तुपाचा वास मला अजून येतो. सोमवारी आम्हा दोघींचं रक्त द्यायचं आहे.

ओवाळणी झाली. सगळे बाहेरच्या खोलीत होते. वहिनीने सकाळी केलेले चिरोटे ओट्यावर ताटात, पाकातून नुकते निथळलेले, पापुद्रे सुटून आलेले. मी एकाचा कोपरा मोडला. आवाज झाला तेवढा. तेवढ्यात धाकटी पाणी प्यायला आत आली. मी मूठ मिटली. तिने फिल्टरखाली पेला धरला, भरेपर्यंत थांबली, माझ्याकडे पाहिलं की ताटाकडे ते कळलं नाही. मी वळून नळ सोडला आणि मूठ पाण्याखाली उघडली.

पेला ठेवून जाताना दारातून म्हणाली, "आई, साबण लाव."