नफ्यात 300 टक्के वाढ म्हणे! बातमी खरी की खोटी बघायला गेलो, त्याचा अनुभव

आधीच सांगतो, बातमी खोटी नव्हती. पेपरात एका छोट्या कंपनीबद्दल आलं होतं 'नफ्यात 300 टक्के वाढ' आणि बाबा एफडी मोडून शेअर घ्यायचे म्हणत होते, म्हटलं बाबा दोन दिवस थांबा, बघतो जरा.

बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) साइटवर कंपनीचं नाव टाकलं की कॉर्पोरेट अनाउन्समेंटमध्ये रिझल्टची पीडीएफ मिळते, फुकट, फक्त बऱ्याचदा तिरकी स्कॅन केलेली आणि आकड्यांवरच शिक्का मारलेला, डोळे फुटायची वेळ येते. नफा 12 कोटी, गेल्या वर्षी याच तिमाहीत 3. म्हणजे 300 टक्के बरोबर! पण वर 'एक्सेप्शनल आयटम्स', म्हणजे नेहमीच्या धंद्याबाहेरच्या एकदाच होणाऱ्या गोष्टी, अशी ओळ होती, तिथे 10 कोटींच्या आसपास आकडा, आणि खाली बारीक अक्षरात नोट की कारखान्याची जुनी जमीन विकली. ते बाजूला काढलं तर धंद्यातला नफा कमीच झालाय, विक्री पण घसरलेली. मग त्याच साइटवर कंपनीचं प्रेस रिलीज उघडलं तर पेपरातली बातमी जवळजवळ शब्द न् शब्द तीच, नोट तेवढी गाळलेली.

टीव्हीवर म्हणे बॅलन्स असतो, दोन्ही बाजू. त्या दिवशी एक जण बाय म्हणत होता एक सेल, दोघंही चार्ट, टार्गेट, स्टॉपलॉस एवढंच बोलले, जमिनीचं नाव नाही. आणि या पाहुण्यांचं काय सांगावं, फेब्रुवारी 2024 मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, अंतरिम आदेश काढला होता, एका बिझनेस चॅनेलवरचे एक्सपर्ट आपल्या टिप्स शो लागायच्या आधीच काही लोकांना देत होते असा आरोप, 7.41 कोटी जप्त करायला सांगितले.

मग पेपरला मेल टाकला, पीडीएफ जोडून, पान नंबर देऊन. सोबत सरळ विचारलं की तुमचा या कंपनीत काही हिस्सा आहे का, कारण जाहिरातीच्या बदल्यात शेअर घ्यायचे करार होतात, त्याला प्रायव्हेट ट्रीटी म्हणतात, आणि 2010 मध्येच सेबी आणि प्रेस कौन्सिलने ठरवलंय की असा हिस्सा असेल तर बातमीत तसं लिहायचं. उत्तर नाही. परत पाठवला, तेव्हा एक ओळ आली, 'बातमी कंपनीने दिलेल्या माहितीवर आधारित आहे'. बरं!

नंतर वेबसाइटवर गुपचूप हेडलाइनमध्ये 'जमीन विक्रीमुळे' एवढं घातलं, दुरुस्ती केली असं कुठेही न लिहिता. छापील पेपरात काहीच नाही, हिस्स्याच्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. बाबांनी एफडी रिन्यू केली.