खिडकीच्या उजेडात मांजराचा चेहरा

मांजराचा क्लोज-अप काढायचा तर आधी घरातली ट्यूबलाइट बंद करा. खिडकीच्या आणि ट्यूबच्या उजेडांची सरमिसळ झाली की फरावर हिरवट-पिवळी झाक येते आणि ती नंतर नीट निघत नाही.

मुंबईच्या फ्लॅटमध्ये खरी अडचण ग्रिलची. थेट ऊन आलं की गजांच्या सावल्या तोंडावर पट्टे ओढतात. पातळ पांढरा पडदा लावा किंवा उत्तरेची खिडकी निवडा. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ तर सगळ्यात उत्तम! उजेड मऊ, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. लख्ख उजेडात त्या उभ्या चिरेएवढ्या बारीक होतात. डोळ्यांचा रंग दाखवायचा असेल तर मात्र तेच हवं.

मांजर खिडकीपासून २-३ फुटांवर, उजेड बाजूने येईल असं बसलेलं असावं. दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोलचा पांढरा तुकडा ठेवा. कॅमेरा मांजराच्या डोळ्यांच्या पातळीत, म्हणजे तुम्ही फरशीवर पालथे.

फोकस जवळच्या डोळ्यावर. एफ १.८ ला (लेन्सचं छिद्र मोठं उघडल्यावर) डोळा स्पष्ट आणि नाक धूसर होतं, म्हणून एफ ४ बरं. शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नको, कान सतत हलतात. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १६०० वर गेला तरी चालेल. फोटोत थोडे दाणे परवडतात, हललेला डोळा नाही.

मोबाइल फार जवळ नेला की नाक फुगतं. मागे सरा, २ एक्स झूम वापरा.

काळ्या बोक्यालाही कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर राखाडी करू पाहतो, म्हणून एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) ०.७ ने उतरवा; पांढऱ्यासाठी तितकंच चढवा.

फ्लॅश नकोच. आणि कान मागे वळले, शेपटी आपटू लागली की कॅमेरा खाली ठेवा.