वेगळा कप

२३ जुलै, बुधवार

सकाळपासून नुसती रिपरिप. पाहुणीची जीन्स तिसऱ्या दिवशीही ओलीच, दोरीवर कुबट वास मारतेय. पाहुणी म्हणजे अमेरिकेहून मराठी शिकायला पुण्यात आलेली मुलगी. (नाव लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही.) आमच्याकडे राहून तिला सहा आठवडे झाले.

पहिले पंधरा दिवस थँक्यूतच गेले. पोळी वाढली, थँक्यू. पाणी दिलं, थँक्यू. मग तिनं "मी आपली आभारी आहे" सुरू केलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, सत्कार चाललाय का माझा?" आता ती ताट पुढे करून "अजून अर्धी" म्हणते. सासूबाई खूश.

तिच्या टेबलावर मॅक्सिन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी तयार केलेलं पुस्तक असतं. बर्नसनबाई मूळच्या अमेरिकेच्या, पण फलटणला राहिल्या, तिथे शाळा उभी केली. आणि दुसऱ्या अमेरिकन अभ्यासक एलिनॉर झेलियट! त्यांनी १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. आंबेडकर आणि महार चळवळीवर प्रबंध लिहिला. मी जन्मापासून पुण्यात, आणि हे मला विस्कॉन्सिनच्या मुलीनं सांगावं. तिला दलित कविता मुळातून वाचायच्या आहेत, म्हणून हा सगळा खटाटोप.

गेल्या आठवड्यात वर्गात 'वेगळा-वेगळी-वेगळं' झालं. नवा शब्द मिळाला की ती तो दिवसभर वापरते. जेवताना म्हणाली, "माझी आजी वेगळी राहते. एकटी. ऐंशी वर्षांची आहे." सासूबाईंचा घास हातातच राहिला. "एकटी का गं?"

"तिला आवडतं."

सासूबाईंनी नुसती मान हलवली. त्यांना हे काही पटलं नाही. दोन दिवस त्या मला खालच्या आवाजात सांगत होत्या, आवडतं कसलं, कोणी विचारत नसणार म्हातारीला. मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला लिहू.

काल दुपारी मी चहा गाळत होते. पाहुणी ओट्याला टेकून उभी. मावशींची भांडी घासून झाली होती. मी खिडकीतला स्टीलचा कप घेतला, त्यात चहा ओतला आणि मावशींना दिला. आमचे कप कपाटात असतात, तो खिडकीत असतो. अकरा वर्षं तिथेच आहे.

"मावशींचा कप वेगळा का आहे?"

टोमणा नव्हता त्यात. विशेषण नामाप्रमाणे बरोबर बदललंय का, एवढंच बघत असावी. किंवा नसेलही. टोमणा मारण्याइतकं मराठी अजून तिला येत नाही, आणि मला टाळाटाळ करण्याइतकं इंग्रजी. मी म्हणाले, "त्यांना तोच आवडतो."

म्हटलं आणि कानात वाजलं. तिनं मान हलवली, सासूबाईंनी हलवली होती अगदी तशीच, आणि आपला चहा घेऊन खोलीत गेली. मावशी काहीच बोलल्या नाहीत.

रात्री झोप लागेना. आम्ही जात मानत नाही, असं मी कितीजणांना सांगितलंय. कप मी ठेवला नव्हता, सासूबाईंनी ठेवला होता. पण अकरा वर्षं रोज उचलून त्यात चहा ओतणारा हात माझाच.

आज मावशींना निळ्या फुलांच्या कपात चहा दिला. त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं. "माझा कुठंय?" म्हटलं, घ्या हाच. दोन घोट घेऊन म्हणाल्या, "जड आहे हो ताई. माझ्यात चहा गरम राहतो." सासूबाई पेपरात डोकं खुपसून. पाहुणी क्लासला गेलेली, म्हणजे हे सगळं तिच्यामागे.

मावशींनी निळा कप विसळला, पुसला आणि खिडकीत नेऊन ठेवला. स्टीलच्या शेजारी.

आत्ता रात्रीचे साडेदहा. दोन्ही कप तिथेच आहेत. मी उठून दोनदा पाहून आले, हात लावला नाही.