उतारावरचा गवा आणि ४२ मीटरचा घोळ

मी जनावरांचा डॉक्टर, वन्यप्राण्यांच्या रेस्क्यूला अधूनमधून बोलावतात. गोव्यात, सत्तरी तालुक्यात वाळपईच्या पुढे काजूच्या बागेत एक गवा पायात तारेची फासकी घेऊन फिरतोय असा फोन आला. काजूचा सीझन, खाली बोंडूंचा सडा, त्या वासाला गवे येणारच आणि कुणीतरी डुकरासाठी लावलेल्या फासात हा अडकलेला. गवा आपल्या गोव्याचा राज्यप्राणी वगैरे ठीक आहे, पण मोठा नर ८००-९०० किलोचा, त्याला काही पाय दाखव म्हणता येत नाही, लांबून भुलीच्या औषधाची सुई, म्हणजे डार्टच मारावा लागतो.

आम्ही वरच्या कड्यावर, गवा खाली, मधे झाडीत लपलेला व्हाळ, म्हणजे ओढा. सगळे म्हणाले पंचवीस मीटर असेल, फार तर तीस. मधली घळ दिसत नसली आणि ऊन आपल्या पाठीमागून जनावरावर पडत असलं की ते जवळच वाटतं, म्हणून मी डोळ्यावर विश्वास ठेवत नाही. अंतर मोजायचा रेंजफाइंडर लावला तर ४२ मीटर!

आता खरी भानगड. हे ४२ म्हणजे नळीपासून गव्यापर्यंतची तिरकी रेष, पण गुरुत्वाकर्षण डार्टला खाली ओढतं ते मोजायला आडवं अंतर धरायचं, तिरकं नाही. मोबाईलच्या ॲपवर उतार पस्तीस अंश आला, त्याचा कोसाईन ०.८२, त्यानं ४२ ला गुणलं की हिशेबाला साधारण ३४ मीटर. रायफलच्या गोळीलाही हाच नियम, ३० अंशाच्या चढावर ४०० मीटरवरचं लक्ष्य ३४६ चं धरायचं. गोळी निदान वेगात असते, डार्ट बिचारा अर्धा सेकंद तरी हवेत असतो आणि तेवढ्यात मीटर-दीड मीटर खाली येतो, त्यामुळे आठ मीटरचा फरक म्हणजे मांडीऐवजी कणा किंवा सरळ डोक्यावरून पार. शिवाय आमची गन गॅसवर चालते, प्रेशर अंतराच्या तक्त्यावरून लावायचं, ते ४२ चं ठेवलं तर सुईही जास्त जोरात बसणार.

सोबतचा पोरगा म्हणाला, सर खाली मारायचं म्हणजे वर धरा ना. बागवाले आजोबा, ज्यांच्याकडे शेतीच्या राखणीचं बंदुकीचं लायसन होतं, तेच मधे बोलले, "चढ असो नाहीतर उतार, बार वरनंच जातो, खाली धर." कोसाईन त्यांना कुणी शिकवला नव्हता पण बरोबर तेच.

तक्ता ३४ वर, मारला, मांडीत बसला. गवा धडपडत निघाला आणि आमचा जीव वर, कारण औषध चढेपर्यंत काही मिनिटं जातात आणि उतारावर जनावर गडगडलं तर पाय मोडतो. नशीब, वयीच्या (कुंपणाच्या) दगडांना टेकून बसला. रवंथ करणारं जनावर, म्हणून आडवं पडू द्यायचं नाही, पोट फुगतं. चौघांनी त्याला छातीवर बसतं धरलं, डोकं वर, डोळ्यांवर फडकं, तार कटरनं तोडली. खुराच्या वर मांसात बोटभर रुतलेली, धुवून अँटिबायोटिक दिलं, डार्ट काढला, मग भूल उतरवायचं इंजेक्शन देऊन सगळे पळालो. थोड्या वेळानं उठला, लंगडत आत गेला, वाटेत आजोबांची दोन कलमं मोडून गेला. त्यावर त्यांनी जे काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

परत आल्यावर डार्टच्या पेटीच्या झाकणावर मार्करनं लिहून ठेवलंय: २० अंशाला ०.९४, ३० ला ०.८७, ४० ला ०.७७. पंधराच्या खाली असेल तर फरक नगण्य, तसाच मारायचा.