जमीन राखायची तर माणसे तिथवर न्यायला हवीत

भूसंरक्षण करणाऱ्या, म्हणजे निसर्गाच्या जमिनी बांधकामापासून राखणाऱ्या, स्थानिक संस्थांचा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा जमिनीचे व्यवहार, निधी आणि कायदा यांभोवती फिरते. निसर्गफेऱ्या, पक्षीनिरीक्षण, मुलांसाठीचे उपक्रम यांकडे मात्र मूळ कामाला जोडलेली हौस म्हणून पाहिले जाते. अशाच एका लहान संस्थेत स्वयंसेवक म्हणून वावरताना माझे मत याच्या अगदी उलट झाले आहे. कागदावर सुरक्षित झालेली जमीन प्रत्यक्षात सुरक्षित राहते ती तिच्यावर वारंवार जाणाऱ्या, ओढ्यात कोणी राडारोडा टाकला तर लगेच कळवणाऱ्या माणसांमुळे; आणि अशी माणसे घडण्याची सुरुवात एखाद्या फेरीत होते.

या चळवळीच्या मुळाशीच माणसांचा विचार होता. अमेरिकेतील भूदृश्यरचनाकार चार्ल्स एलियट यांनी १८९० मध्ये असे सुचवले की सार्वजनिक ग्रंथालय जशी पुस्तके सांभाळते आणि कलासंग्रहालय जशी चित्रे सांभाळते, तशी निसर्गसुंदर ठिकाणे लोकांसाठी सांभाळणारी विश्वस्त संस्था असावी. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्यात अशी संस्था कायद्याने स्थापन झाली. इंग्लंडमध्ये १८९५ साली नॅशनल ट्रस्टची स्थापना करणाऱ्या तिघांपैकी ऑक्टेव्हिया हिल यांनी त्याआधी लंडनमधील गरिबांच्या घरांसाठी काम केले होते, आणि कोंदट खोल्यांत राहणाऱ्यांना मोकळी हवा मिळावी हा त्यांचा आग्रह होता. म्हणजे जमीन राखणे आणि लोकांना तिथे येऊ देणे या दोन गोष्टी आरंभापासून एकत्रच होत्या.

आजच्या काळात या दोन गोष्टींचा संबंध आणखी घट्ट झाला आहे, कारण राखलेली जमीन दर वेळी संस्थेच्या मालकीची असतेच असे नाही. अमेरिकेसारख्या देशांत मालक जमीन स्वतःकडेच ठेवतो, मात्र तिच्यावर बांधकाम करण्याचा किंवा तिचे तुकडे पाडण्याचा हक्क करार करून कायमचा सोडून देतो. हा करार पुढच्या प्रत्येक मालकावर बंधनकारक असतो, आणि त्याचे पालन होते की नाही हे संस्थेने पाहायचे असते. त्यासाठी दर वर्षी सीमेवरून चालत जाऊन छायाचित्रे आणि नोंदी घेतल्या जातात. ज्याने करारावर सही केली त्याला जमिनीचा जिव्हाळा असतोच. खरी परीक्षा पुढच्या मालकाच्या काळात होते, कारण तो करार त्याने केलेला नसतो, तो त्याच्याकडे जमिनीबरोबर आलेला असतो. अशा मालकाला पहिले पत्र नियमभंगाबद्दल जाण्यापेक्षा पहिले निमंत्रण त्याच्याच ओढ्याकाठच्या पक्षीनिरीक्षणाचे गेले, तर पुढचा सगळा संवाद वेगळ्या सुरात होतो. ही सौजन्याची बाब आहेच, पण माझ्या मते ती संरक्षणाची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ पद्धतही आहे.

आता प्रत्यक्ष फेरीविषयी. चांगली फेरी लहान असते, आणि येथे मला गटाची संख्या व चालण्याचे अंतर असे दोन्ही अभिप्रेत आहे. गट मोठा झाला की मागच्यांना ऐकू येत नाही, ओल्या वाटेच्या कडा तुडवल्या जातात, आणि पुढे चालणाऱ्यांना दिसलेला पक्षी मागचे पोहोचेपर्यंत उडून गेलेला असतो. अंतर कमी ठेवले तर थांबायला वेळ मिळतो, आणि पाहणे थांबल्यावरच सुरू होते. एखादा कुजलेला ओंडका हलकेच उलटून त्याखालची गोम, बुरशीचे धागे आणि गोगलगायीची अंडी पाहायची, मग तो ओंडका होता तसाच परत ठेवायचा: एवढ्यात अर्धा तास सहज जातो आणि तो सार्थकी लागतो. ओंडका परत जागेवर ठेवण्याची कृती मुलांच्या हातून करून घ्यावी. आपण येथे पाहुणे आहोत हे त्यांना त्यातून जितके कळते तितके सूचनाफलक वाचून कळत नाही.

रात्रीच्या फेऱ्या मला विशेष मोलाच्या वाटतात. दोन खांबांमध्ये पांढरी चादर ताणून तिच्यावर दिवा सोडला की पतंग येऊन बसू लागतात, आणि दिवसा ज्यांचे अस्तित्वही जाणवत नाही असे कितीतरी जीव हाताच्या अंतरावर दिसतात. ज्यांना चालणे जमत नाही त्यांना येथे खुर्चीवर बसून सहभागी होता येते, ही या कार्यक्रमाची मोठी जमेची बाजू आहे. काम संपल्यावर मात्र दिवा वेळेवर बंद करायला हवा, म्हणजे पतंग मोकळे होतात. अंधारातून चालायचे असेल, तर डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या एका झगझगीत प्रकाशाने ती सवय मोडते, हे सुरुवातीलाच सांगावे. मंद लाल प्रकाशाने तितका त्रास होत नाही.

काही गोष्टी उत्साहाच्या भरात होतात आणि नुकसान करतात. पक्षी बाहेर यावा म्हणून त्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा वाजवले, तर विणीच्या काळात तो आपली हद्द राखण्यासाठी नाहक शक्ती खर्च करतो. घरट्याचे किंवा दुर्मीळ फुलाचे छायाचित्र नेमक्या ठिकाणासह सर्वांपुढे ठेवणे त्याहून घातक ठरू शकते. लोकांनी पाहिलेल्या प्राण्या-वनस्पतींच्या नोंदी ठेवणाऱ्या आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर संकटग्रस्त प्रजातींचे नेमके स्थान आपोआप झाकले जाते ते याच कारणासाठी. तोच संयम फेरीतील प्रत्येकाने आपल्या मोबाइलमधील छायाचित्रांबाबतही पाळला पाहिजे.

नोंदी ठेवण्याची सवय फेरीला अर्थ देते. १९०० सालच्या नाताळात अमेरिकेतील पक्षितज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी, त्या दिवशी पक्षी मारण्याच्या ज्या स्पर्धा होत असत त्यांऐवजी, पक्षी मोजण्याची कल्पना मांडली. पहिल्या वर्षी सत्तावीस जण सहभागी झाले, आणि ती गणना आजही चालू आहे. एवढा पल्ला प्रत्येक उपक्रमाला गाठता येणार नाही, पण एकाच तळ्याच्या, एकाच गवताळ तुकड्याच्या नोंदी सातत्याने घेतल्या तर त्यांचा थेट उपयोग होतो. जमिनीवर घरटी करणारे पक्षी कोणत्या तुकड्यात आहेत आणि त्यांची पिल्ले केव्हा उडतात हे कळले, तर गवतकापणी तोवर पुढे ढकलता येते. आपल्या नोंदीमुळे कापणीची तारीख बदलली हे ज्याला समजते, तो पुढच्या हंगामात न बोलावता येतो.

प्रश्न उरतो तो न येणाऱ्यांचा. फेऱ्यांना आधीपासून निसर्गाची आवड असणारेच येतात, आणि आपण त्याच वर्तुळात फिरत राहतो. सुट्टीच्या दिवशीही काम असणारे, लहान मुलांची किंवा वृद्धांची जबाबदारी असणारे, चाकाची खुर्ची वापरणारे, आणि आसपास शेती करणारे यांचा विचार वेळ, वाट आणि भाषा ठरवतानाच व्हायला हवा. निमंत्रणात जैवविविधतेचे महत्त्व सांगण्याऐवजी काय दिसेल, किती चालावे लागेल, बसायला जागा आहे का, स्वच्छतागृह आहे का, हे लिहावे. शेतकऱ्यांना तर श्रोते म्हणून न बोलावता वाटाडे म्हणून बोलावावे. पाणी कुठे साचते, पूर्वी ओढा कुठून वाहत होता, कोणते झाड कधी पडले, हे त्यांना ठाऊक असते, आणि व्यवस्थापन आराखड्यासाठी लागणारी माहिती नेमकी हीच असते.

म्हणूनच संस्थांच्या वार्षिक अहवालात उपक्रमांना किती जण आले हा आकडा ज्या ठळकपणे छापला जातो, तो मला अपुरा वाटतो. त्याच जमिनीवर पुन्हा किती जण आले, त्यांपैकी किती जणांनी तणे उपटायला, वाट दुरुस्त करायला किंवा वार्षिक पाहणीत सोबत चालायला हात दिला, आणि शेजारच्या मालकांपैकी किती जण त्यांत होते, हेही आमच्या पुढच्या अहवालात यावे असा प्रस्ताव मी मांडणार आहे.