आमची वाटचाल : सही नसलेली सूर्यफुलं

सुरुवात फ्रेमच्या कामातून झाली. लोक छापील पोस्टर घेऊन यायचे, व्हॅन गॉगची सूर्यफुलं, मोनेची कमळं, आणि मी फ्रेम करून देताना दरवेळी मनात यायचं की मूळ चित्रात रंगाचे थर कसे उठून आलेत आणि इथे सगळं सपाट. माझा एक मित्र चित्रकार, शिकताना त्याने जुन्या मास्टर लोकांची बरीच चित्रं सरावासाठी केलेली, त्याला म्हटलं एक करून दे, दुकानात लावू. लावलं आणि थोड्याच दिवसांत एकांनी विचारलं, हे देणार का. तेव्हापासून आम्ही हाताने रंगवलेल्या प्रतिकृती करतोय, आज पाच जण आहोत.

लोकांचा पहिला प्रश्न, हे खरंच हाताने काढलंय ना? विचारायलाच हवं, कारण कॅनव्हासवर प्रिंट काढून वरून पारदर्शक जेल ब्रशने फिरवलेली चित्रंसुद्धा हाताची म्हणून विकली जातात. आम्ही प्रत्येकाला सांगतो, खोलीतले दिवे घालवा, मोबाईलचा टॉर्च चित्राच्या कडेने तिरका धरा. खऱ्या कामात ब्रशचा फटकारा आणि रंग बदलतो ती जागा एकच असते, जेलमध्ये उंचवटा एकीकडे आणि रंग भलतीकडे. भिंग असेल तर अजून सोपं, प्रिंटचे बारीक ठिपके दिसतात. आमच्याकडून घेऊ नका पण हे तपासूनच घ्या.

सगळ्यात जास्त शिकवलं ते व्हॅन गॉगच्या ‘बेडरूम’ने. एका ताईंना ते झोपायच्या खोलीत हवं होतं. अभ्यास करायला बसलो तेव्हा कळलं की आज ज्या भिंती निळ्या दिसतात त्या त्याने फिक्या जांभळ्या रंगवलेल्या, तसं त्याने पत्रातही लिहिलंय, पण त्यातला लाल रंग उजेडाने उडाला आणि निळा तेवढा उरला. मग प्रश्न पडला, रंगवायचं काय, 1888 साली त्याने काढलं ते की आज म्युझियममध्ये दिसतं ते? आम्ही दोन छोटे तुकडे रंगवून ताईंच्या भिंतीवर धरले, त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या मला निळंच द्या, माझ्या डोळ्यात तेच बसलंय. तेव्हापासून जिथे रंग बदललेत तिथे आधी विचारतो. आणि हो, ह्या चित्राची गंमत म्हणजे पहिलं ओलीने खराब झालं म्हणून व्हॅन गॉगने 1889 मध्ये स्वतःच त्याची त्याच आकाराची प्रत केली आणि आई-बहिणीसाठी अजून एक लहान. प्रत म्हणजे कमी दर्जाचं काम असं कोणी म्हटलं की मला हेच आठवतं.

एक चूक मात्र आमची, आणि ती अजून लागते. व्हॅन गॉगच्याच ‘स्टारी नाइट’ची ऑर्डर, लग्नाच्या वाढदिवसाचं गिफ्ट, तारीख जवळ आलेली. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं, जाड थराला तर महिने लागतात. वरून हात लावला तर कोरडं वाटलं म्हणून गुंडाळून पाठवलं, तेही रंगाची बाजू आत ठेवून. तिकडे उघडलं तर चंद्राचा पिवळा कागदाला चिकटून आलेला. पूर्ण चित्र पुन्हा नव्याने रंगवून दिलं, पण त्यांचा तो दिवस तर गेलाच. आता जाड रंगाचं काम लाकडी पट्ट्यांवर ताणलेलंच जातं, आणि पातळ थराचं गुंडाळायचं असेल तर रंग बाहेरच्या बाजूला म्हणजे पापुद्रा दबून सुटत नाही. घाई असेल तर आम्ही सरळ नाही म्हणतो.

मापाबद्दल थोडं. मोनालिसा फक्त 77 बाय 53 सेंटीमीटर आहे, सोफ्यामागची अख्खी भिंत भरायची म्हणून ती मोठी केली की चेहऱ्यावरची ती नाजूक सावली पसरट होते. मोठंच हवं असेल तर क्लिम्टचं ‘द किस’ घ्या, ते मुळातच 180 बाय 180 आहे. पिकासोचं काम आम्ही घेत नाही, तो 1973 मध्ये गेला आणि त्याच्या चित्रांचे कॉपीराइट हक्क अजून शाबूत आहेत.

राहिली सही. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या सूर्यफुलांमध्ये फुलदाणीवरच ‘व्हिन्सेंट’ लिहिलंय आणि बरेच जण म्हणतात तेही काढा ना, चित्राचाच भाग आहे. नाही काढत. पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये बसून प्रत करणाऱ्यांनासुद्धा सही उतरवता येत नाही आणि प्रतीचं माप मूळापेक्षा वेगळं ठेवावं लागतं. आमच्या चित्रामागे प्रतिकृती असा शब्द, रंगवणाऱ्याचं नाव आणि साल असतं. आत्ता ईझलवर तीच सूर्यफुलं आहेत, फुलदाणी सहीशिवाय झालीये, मधल्या फुलाच्या बिया अजून ओल्या आहेत, ती इतक्यात कुठे जात नाहीत.